तुटके ब्लॉक

डहाणूत आम्ही तीन मजली ऑफिसची इमारत बांधत होतो. हरित इमारत, म्हणजे वीज कमी, पाणी कमी आणि बांधकामाचा कचरा जवळपास शून्य. तिच्या सांगाड्याचं डिझाइन माझं. आमच्याकडे जमीन अधूनमधून हादरतेच, म्हणून खांबांतल्या सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा जवळजवळ बांधायला लावून मी मुकादमाचं डोकं खाल्लं होतं.

साइटवर तुटक्या ब्लॉकांचा ढीग साठला. फेकले असते तर हरित इमारतीच्या मानांकनाचे गुण गेले असते. मी तोडगा काढला, मजुरांना घरासाठी वाटून टाका. स्वतःवर भलताच खूश होतो.

तलासरीकडच्या एका पाड्यावरून येणारी एक बाई पाट्या उचलायची. तिचं घर कुडाचं, कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचं लिंपण. तिने टेम्पोभर ब्लॉक नेले. नेताना विचारलं, पुढचा कुड काढून याचीच भिंत रचली तर चालेल का. मी फोनवर होतो. मान डोलावली आणि पुन्हा बोलण्यात गुंतलो.

कोपऱ्यांत सळई हवी, वर काँक्रीटचा पट्टा हवा, हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती. हादऱ्यात कुड हलतो पण सहसा पडत नाही, यावर तर मी भाषणं ठोकली आहेत.

दिवाळीनंतर एका दुपारी जोराचा धक्का बसला. आमच्या इमारतीला ओरखडाही आला नाही. मी तिन्ही मजल्यांवर फिरून फोटो काढले, मालकांना पाठवले. ती बाई कामावर येत नाहीये, हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी.

तिच्या पाड्यावर गेलो. पुढची भिंत आडवी झाली होती. भिंतीखाली सापडून तिच्या सासूचा पाय मोडला होता. शेजारच्या कुडांना नुसत्या भेगा होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी आहे, हे सांगायचं ठरवूनच मी आलो होतो.

मी तोंड उघडायच्या आत तीच हळू आवाजात म्हणाली, "साहेब, भित मीच रचली. माझ्याच हातून कायतरी चुकलं असंल. साइटवर सांगू नका, नायतर कामावरनं काढतील."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

तिच्या जिवात जीव आला. तिने माझ्यासाठी चहा टाकला, आणि मी तो बसून प्यालो.