गोड्या पाण्याची फेरी

शेवंताकाकी फिरायला निघाली की आधी तलावाच्या पायरीवर उकिडवी बसायची, एक बोट पाण्यात बुडवायची आणि ते चाखायची. क्षणभर टाळूला जीभ लावून थांबायची. मग उठून लुगड्याचा काष्टा घट्ट करत म्हणायची, "गोडां." आणि चालायला लागायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिचं काही व्रत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बाईचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "अवो काकी, रोज कावून चाखून राहिल्या? तलावाचं पाणी गोडंच राह्यते." काकी म्हणाली, "रवता गो. पण बघूक व्हयां."

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे भंडाऱ्याकडचे. कारखान्याच्या रेल्वे यार्डात लागले आणि मी लग्न होऊन नव्याकोऱ्या क्वार्टरमध्ये आले. नवेकोरे म्हणजे इतके, की भिंतींना अजून ओल होती आणि दारापुढे झाड म्हणून एक नव्हतं. नुसता लाल मुरूम! केर काढावा आणि मागे वळून पाहावं तर परत तेवढाच. क्वार्टरांच्या मागे एक जुना तलाव होता. ज्या गावाचा तो तलाव, ते गाव कारखान्यासाठी उठून गेलं होतं. दगडी पायऱ्या, भोवतालच्या बांधाची मातीची पाळ आणि पाळीवरचा पिंपळ तेवढा मागे राहिला होता.

त्या वर्षी मला टायफॉईड झाला आणि पाय पार लुळे पडले. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी तलावाला एक फेरी मारायची. औषध हेच." त्यांना म्हणायला काय जातंय! त्या काळी तरुण सुनेनं काही काम नसताना बाहेर नुसतं चालत राहायचं, हे कुणी ऐकलं तरी होतं का? पंजाबी, बंगाली, तेलुगू, सगळ्या दारांतून बायका बघत बसलेल्या. म्हणून मी युक्ती काढली. हातात दळणाचा रिकामा डबा घेऊन निघायचं. लोकांना वाटावं, चक्कीवर चालली आहे.

पाळीवर समोरून एक उंच, काळीसावळी, अनवाणी बाई आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं सरळ माझ्या डब्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि अशी हसली की पिंपळावरचे कावळे उठले. "रिकामो डबो घेवन खंय चललंस गो बाय?" मी लाजून खरं ते सांगितलं. "चलाक कारण कित्याक व्हयां?" ती म्हणाली. "देवान पाय दिल्यान तां पुरे. ठेव तो डबो पिंपळाखाली आणि चल माझ्या वांगडा." वांगडा म्हणजे बरोबर, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी फक्त डबा ठेवला आणि चालू लागले.

काकी मालवणाकडची. वसाहतीत तिला सगळे 'समुद्रवाली' म्हणत. तिचा एकुलता मुलगा वसंता कारखान्यात खलाशी होता. आता समुद्र नसलेल्या गावात खलाशी कशाला, असं मलाही वाटायचं. पण मोठमोठी यंत्रं दोर आणि कप्प्या लावून उंच चढवायची तर त्या कामाला किनाऱ्यावरचीच माणसं लागत. त्यांचा म्होरक्या तांडेल हाक देई, "हैय्या हो," आणि सगळी टोळी एका दमात दोर खेची. तो तांडेल मालवणात पोरं गोळा करायला आला, तेव्हा काकीनं त्याला पगार विचारला नाही, राहायची सोय विचारली नाही. "थंयसून समुद्र किती लांब?" एवढंच विचारलं. आगगाडीनं दोन दिवस, असं तो म्हणाला. काकीनं त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं.

कारण तिचा नवरा समुद्रात गेला होता. वादळ नाही, काही नाही. सकाळी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी मिळाली, माणूस नाही. "पाण्यान घोव नेल्यान," काकी चालता चालता म्हणायची, "झिलाक नेवक देवचंय नाय." घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा. हे वाक्य ती अशा आवाजात म्हणायची की शेजारच्या माणसानं नुसती मान डोलवावी. वसंताला पोहता येत असूनही तिनं त्याला या तलावात कधी उतरू दिलं नाही. आंघोळ नळाखाली. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बिनआंघोळीचं जायचं, पण तलाव नाही. वसंता हसायचा, चिडायचा, आणि ऐकायचा.

तिच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. कुणी मागे लागल्यासारखी चालायची. मी म्हणायची, "काकी, मले जमत नाई, थकली मी." ती म्हणायची, "थकतलंस तर भूक लागतली, भूक लागतली तर जेवतलंस, जेवतलंस तर जगतलंस. चल!" माझ्या भंडाऱ्याकडे गावागावाला तलाव. मी त्यांचं कौतुक सांगितलं की ती नाक उडवायची, "तळी? डबकी म्हण गो." तलावाचे मासे तिला पाणचट लागत. पण सूर्य बुडाला आणि कारखान्याची घरघर वाऱ्याबरोबर आली की ती एकदम थांबायची. "आयकलंस? गाज." समुद्राची अशीच ऐकू येते म्हणे. मग तिला मासे, डबकं, काहीच सुचायचं नाही. 

चालताना ती नेहमी पाण्याच्या बाजूला असायची आणि मी आतल्या. एकदा मी तिच्या कुंकवाकडे बघत होते हे तिच्या लक्षात आलं. "बारा वर्सां होवक नाय अजून," ती म्हणाली. त्यांच्याकडे रीत अशी, की माणूस हरवला आणि देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची. तोवर बाई सवाशीण. बारा वर्षं भरली की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग गेलेला माणूस खरोखर गेला. आमच्याकडेही जुनी माणसं असं काही सांगत, पण ते करण्याची वेळ आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

बारा वर्षं भरली आणि त्याच सुमारास वसंताचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी निरोप दिला, आधी वडिलांचं कार्य उरका, मग मांडव. काकीनं पुष्कळ टाळलं. आज अंग दुखतंय, उद्या अमावास्या. शेवटी एका संध्याकाळी पाणी चाखून झाल्यावर ती पायरीवरून उठलीच नाही. "करतंय," म्हणाली. "झिलाचा घर उभां रवाक व्हयां. माझा कपाळ मोकळां झालां तरी चलात." मला रडू आलं. तिला नाही आलं.

कार्यासाठी मालवणहून तिचा दीर आला आणि दुर्गहून भटजी आणले. पळसाच्या पानांना आमच्याकडे काय तोटा! पाळीखालच्या मोकळ्या जागेत सगळं मांडलं. काकी आणि मी लांब पिंपळापाशी उभ्या होतो. वसंतानं अग्नी दिला. भटजींनी त्याला तलावात उतरून आंघोळ करायला सांगितलं, तशी काकी तिथूनच गरजली, "बादलीन न्हाव दे!" भटजी म्हणाले, असं चालत नाही. ती म्हणाली, नसेल चालत तर दक्षिणा घेऊ नका. वसंतानं मान खाली घालून बादलीनं आंघोळ केली. इतक्या लोकांसमोर बिचारा मेल्याहून मेला झाला होता.

मग दीर राख घेऊन पायरीवर गेला. राख त्यानं पाण्यात सोडली आणि पिशवीतून एक बाटली काढली. बूच दातानं उघडलं. तो साधा, भाबडा माणूस, वर वळून अभिमानानं ओरडला, "वयनी, आपल्या समुद्राचा पाणी हाडलंय! भावाक माझ्या गोड्या पाण्यात कसो सोडूचो?"

काकीनं माझा दंड इतका आवळला की पुढे चार दिवस वळ होते. "नको!" ती किंचाळली. "मेल्या, नको!" पण बाटली उपडी झाली होती. लोकांना वाटलं, कुंकू पुसायची वेळ आली म्हणून बाई किंचाळली. बायका तिला धरून घरी घेऊन गेल्या. दीर बिचारा रिकामी बाटली हातात धरून तसाच उभा, आपलं काय चुकलं त्याला कळेना.

तेरावं झाल्यावर ती फिरायला आली. कपाळ मोकळं. मला तिच्याकडे बघवेना. पायरीवर बसली, बोट बुडवलं, चाखलं, परत बुडवून परत चाखलं. मग म्हणाली, "खारां."

"काय सांगता काकी!" मी म्हटलं. मी वाकून ओंजळभर पाणी प्यायले. गोडं होतं. देवाशपथ गोडं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगायचा धीर झाला नाही.

आम्ही चालू लागलो, तर ती आतल्या बाजूला आली. आमच्या डावीकडे, पाण्याच्या बाजूला, माणूसभर जागा तशीच मोकळी. मला वाटलं, दमली असेल, आज आपण पाण्याच्या बाजूनं चालावं. मी तिकडे सरकले तशी तिनं मला खसकन ओढलं. "थंय नको. थंय तो आसा."  ती अगदी सहज बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "बारा वर्सां तेका वाट गावली नाय. हंय समुद्र नाय म्हणान. भावान वाट दाखवल्यान. इलो तो." इलो म्हणजे आला.

"मग बरंच झालं ना काकी, आले तर," मी कशीबशी म्हटलं.

"माका बरां दिसता," ती म्हणाली, आणि खरोखर तिच्या तोंडावर लाज होती, नव्या नवरीसारखी. मग ती लाज गेली. "पण तेका एकट्याक करमाचां नाय. सोबत व्हयी तेका. मी रोज इलंय तर हंयच रवतलो. एक दिस इलंय नाय, तर घरापर्यंत येतलो. झिलाक बोलवतलो."

त्या दिवसापासून काकी आजारी असो, पाऊस असो, उन्हाळ्यातली लू असो, फेरी चुकली नाही. वसंताच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वरात दारात आणि वरमाय तलावावर! पाहुणे हसले, सून रुसली. वसंता आता आमच्याचसारखं बोलायला लागला होता. मला म्हणायचा, "मावशी, आईले समजवा ना, इतकं फिरून काय करते?" काकीनं मला शपथ घातली होती, त्याला यातलं काही सांगायचं नाही. मी म्हणायची, "तब्येतीले चांगलं राह्यते बाप्पा."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण खरं सांगते, त्या मोकळ्या जागेत पाय टाकायची हिंमत मला परत झाली नाही. कधी कधी काकी त्या बाजूला तोंड करून हळू बोलायची. नातू रांगायला लागला, सुनेला माशाचं सार जमायला लागलं, असलं घरचंच काहीबाही. ऐकताना भीती वाटायची आणि हेवाही वाटायचा. आमचे हे जिवंत असून यार्डातून आले की पेपर तोंडापुढे धरायचे.

काकी गेली ती साध्या तापानं. इस्पितळात मी तिच्या उशाशी होते. संध्याकाळ झाली तशी ती तळमळायला लागली, पाय पांघरुणाखाली हलत होते. माझा हात धरून म्हणाली, "माझी फेरी चुकव नको गो बाय. तू चल माझ्या बदली." मी हो म्हटलं. मरत्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ती म्हणाली, "तशी न्हय. जा. आता जा." आणि मी गेले. फेरी मारून परत आले तोवर ती संपली होती. तोंडावर कसलीही काळजी नव्हती.

तेव्हापासून मी चालते आहे. मुरूम जाऊन डांबर आलं, क्वार्टरांपुढे झाडं झाली, शेजारी बदलले, आमचे हेही गेले. मी पाण्याची बाजू सोडून चालते. लोक म्हणतात, आजींची तब्येत बघा, रोजच्या फिरण्यामुळे आहे.

मागच्या थंडीत वसंता दारात उभा. रिटायर झालाय, केस पांढरे, पायांत नवे बूट. "मावशी, शुगर निघाली. डॉक्टरनं चालायले सांगितलं. म्हटलं, तुमच्यासोबतच तलावाची फेरी मारू."

 मी आत जाऊन फळीवरचा दळणाचा डबा काढला. "तलाव नको रे बाबा," मी म्हटलं, "बाजाराकडं चल. मले दळण आणायचं हाय."

"ती चक्की तर केव्हाची बंद पडली, मावशी!"

"मंग दुसरी पाहू," मी म्हटलं, आणि त्याला रस्त्याला लावलं.

आता रोज संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन वसंताबरोबर बाजाराच्या वाटेनं चालते. तो चेष्टा करतो, डबा बघून हसतो, अगदी आईसारखा. त्याला ठाऊक नाही, की सकाळी उजाडल्यावर मी एकटी तलावाची फेरी मारून आलेली असते. गुडघे बोलतात, पण पायरीवर बसते, बोट बुडवते, चाखते. चव कशीही लागो, पाण्याच्या बाजूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, "गोडां."