आक्काच्या पाळीचं पाणी

आधी आक्काचं सांगतो, मग गव्हाचं. आक्का नसती तर त्या फाल्गुनात मी ट्रंक उचलून कोकणात परत गेलो असतो, आणि हे सांगायला इथे उरलोच नसतो. तशी ती माझी कुणी नव्हे. पांझरा नदीच्या काठी, ज्यांचं शेत मी कसलं त्या आबांच्या वावराला लागून तिचं वावर, एवढंच नातं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, जमीन स्वतः कसायची. तोंड असं की तिच्या बांधावरून जाणारा माणूस विनाकारण टोपी नीट करायचा. मला तिने जे दिलं तेही टोमणे मारत मारतच दिलं. टोमणे माझ्या अजून लक्षात आहेत, कारण ते सगळे खरे होते.

माझी शाळा सहावीत सुटली. मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. घरी भाताचे चार तुकडे आणि ते कसायला तीन थोरले भाऊ. माझी तिथे गरज नव्हती असं कुणी म्हणालं नाही. पण मी जातो म्हटल्यावर कुणी थांब असंही म्हणालं नाही. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. माझ्या बहिणीचे यजमान धुळ्यात एका तेलाच्या गिरणीत फिटर होते. भावजींनी पत्र धाडलं, मी बोटीने मुंबई गाठली, तिथून रेल्वे, चाळीसगावला गाडी बदलली आणि धुळ्यात उतरलो. उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला तो भाताचा. भावजी म्हणाले, भात सणाला मिळेल, एरवी भाकरीशी ओळख करून घे.

त्यांनी मला आबांच्या स्वाधीन केलं. आबा तालुक्यातले जुने शेतकरी. एकुलती लेक शिंदखेड्याला दिलेली, आणि स्वतः दम्याने ओसरीवर बसलेले. त्यांना वावर बघायला माणूस हवा होता. शेतीतला असावा एवढी एकच अट. भावजींनी छातीठोकपणे सांगितलं की पोरगा शेतीतलाच आहे. कुठल्या शेतीतला, हे आबांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मग आबांनी ठरवून दिलं: एक रब्बी माझ्या हाती. गहू नीट आला तर पुढे वावर वाट्याने माझ्याकडेच; नाही आला तर होळी खायची आणि घरी जायचं.

तिकडे फडाची शेती. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची सगळ्यांची वावरं मिळून एक फड. एका हंगामाला फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. त्या वर्षी आमच्या फडाला गहू होता. पाणी मात्र कुणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी. तो पाळीपाळीने एकेका वावरात पाणी सोडणार. वावर भरलं की धन्याने बांधावर उभं राहून ‘भरलं’ असं सांगायचं, मग पाटकरी पाणी पुढच्या वावराला वळवणार. धन्याचा शब्द हीच पावती. तो शब्द निघेपर्यंत पाणी हलायचं नाही, आणि निघाला की परत फिरायचं नाही.

दिवाळी झाली, सकाळी हात गार पडायला लागले, आणि शेतकी खात्याचे एक साहेब सायकलवरून आले. सुधारित बी घ्या, पातळ पेरा, झाडाला फुटवे येतील, उतारा वाढेल, असं ते चावडीवर सांगून गेले. फडातले लोक पिढ्यानपिढ्या दाट पेरणारे. त्यांनी साहेबांना चहा दिला आणि बी घेतलं नाही. आबांनी घेतलं. मला वाटलं आबा नव्या विचारांचे. पुढे कळलं, आबांचा हिशेब वेगळा होता: परका पोरगा, परकं बी, बुडालं तर दोघांनाही एकदमच निरोप देता येईल.

पेरणीला तिफण. पुढे बैल, मागे तीन दाते, आणि वर लाकडी चाडं. चाड्यात मुठीने बी सोडत चालायचं, ते तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. बैल आबांच्या गड्याने धरले, मूठ मी. पातळ पेरायचं हे माझ्या इतकं डोक्यात बसलं होतं की पूर्ण वेळ मी स्वतःच्या मुठीकडेच बघत चाललो. एक दाणा जास्त गेला तरी साहेबांना धुळ्यात कळेल अशी माझी समजूत. खाली काय चाललंय ते बघायचं राहिलं. पेरून झाल्यावर थोडं बी उरलं. आमच्याकडे भाताचं रोप नेहमी थोडं जास्त टाकून ठेवतात, कुठे कमी पडलं तर हाताशी असावं म्हणून. मीही सवयीने ते बी एका कोपऱ्यात दाट फेकलं आणि माती सारली. गडी बघत राहिला, पण बोलला नाही. कोकणातला देवाचा काहीतरी विधी असेल असं त्याला वाटलं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

गहू उगवला आणि चूक उघडी पडली. निम्म्या वावरात दोन ओळी हिरव्या, मधली कोरी. पुन्हा दोन हिरव्या, मधली कोरी. मधली नळी मातीने चोंदली होती. मी मुठीकडे बघत असताना एक अख्खी नळी उपाशी चालली होती. आधीच पातळ पेरलेलं, त्यात हे. आजूबाजूला दाट हिरवे गालिचे आणि मधे माझं वावर, दात पडलेल्या फणीसारखं.

बघायला सगळा फड येऊन गेला. नवी पेरणी पाहायला येतात तसं सगळे गंभीरपणे येत, आणि वळल्यावर हसत. आक्का वळायची वाट बघत नसे. बांधावर बसून तिने विचारलं,

“काय भो, दोन ओळ गहूनी आनि एक ओळ कसानी? हवानी का?”

आबांनी ओसरीवरूनच ऐकलं. त्यांनी होळी कधी आहे ते पंचांगात बघून ठेवलं.

तीन रात्री मला झोप नव्हती. चौथ्या दिवशी कोपऱ्यात टाकलेल्या त्या दाट बियाकडे बघितलं आणि हात आपोआप वळले. आमच्याकडे भात असंच करतात: रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, चिखलात लावायचं. गहू भात नाही हे मला कळत होतं. पण कोरी ओळ दिसली की ती भरायची, एवढंच मला आयुष्यात नीट येत होतं. आमच्या वावराची पाणी-पाळी दुसऱ्या दिवशी होती. ओल मिळेल या भरवशावर मी पहाटे सगळं रोप उपटलं, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली, मुठी बांधून सावलीत रांगेने ठेवल्या आणि पाण्याची वाट बघत बसलो.

गव्हाची मुठी बांधलेली रोपं फडाने कधी बघितली नव्हती. पाणी यायच्या आधी माणसं आली. बायका कामं टाकून आल्या. गव्हाचं लग्न लावतोय का, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, कोकणात बहुतेक ज्वारीलाही पाळण्यात घालतात. मी मान खाली घालून बसलो होतो. मला हसण्याचं काही नव्हतं. मला पाण्याचं होतं.

आणि नेमकं पाण्याचंच बिनसलं. वरच्या अंगाला पाट फुटला होता. तो बुजवण्यात सकाळ गेली. पाणी आक्काच्या वावरापर्यंत पोचलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाटकरी बांधावर येऊन म्हणाला, दिवस मावळला की पाणी खालच्या फडाला जाणार, तो नेम मोडता येणार नाही. आज आक्काचं वावर भरेल, तुझं पुढच्या पाळीला. पुढची पाळी म्हणजे आठवड्याच्याही पुढे. मी मुठींकडे बघितलं. पानांची टोकं वळायला लागली होती. पेरलेल्या ओळींनाही नवी मुळं फुटायची वेळ झाली होती. याच दिवसांत पाणी चुकलं तर फुटवे येत नाहीत, हे साहेबांनी दोनदा बजावलं होतं. मनात ट्रंक भरायला लागलो.

आक्का तिच्या बांधावर उभी होती. तिच्या पहिल्या वाफ्यात पाणी नुकतं शिरलं होतं, बाकीच्या वावरात ढेकळं कोरडी होती. तिच्याही गव्हाची तीच वेळ. तिने माझ्याकडे बघितलं, मुठींकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि पाटकऱ्याला सांगितलं,

“मनं वावर भरनं.”

म्हणजे तिचं वावर भरलं. पाटकरी कडक माणूस. स्वतःच्या चुलत्यालाही त्याने कधी पाळीबाहेर तांब्याभर पाणी दिलं नव्हतं. त्याने तिच्या कोरड्या वावराकडे सावकाश नजर फिरवली.

“भरनं?”

“भरनं सांगस ना. तू पाटकरी का मामलेदार?”

“आक्का म्हनस तर भरनं,” असं म्हणून त्याने फावडं उचललं आणि पाणी माझ्याकडे वळवलं.

मी तिच्याकडे गेलो. तेव्हा तीच बोलली, आणि तेवढं एकच ती त्या दिवशी हसल्याशिवाय बोलली.

“मना गहू चार रोज दम धरी. तुना मरी जाई. माले काय देखस, पानी देख.”

मग ती हसायला आलेल्या बायकांकडे वळली. बघून झालं असेल तर आता हात लावा, म्हणाली. त्या फडात त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी काहीतरी शिकवलं. चिखलात पाय कसा टाकायचा, रोप दोन बोटांत कसं धरायचं, उलटं मागे मागे कसं जायचं. उलटं चालताना एक बाई मागे पाटात बसली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने पाटकरी हसला. दिवस मावळला, तो पाणी घेऊन गेला, आणि निम्म्या वावरातली प्रत्येक मधली ओळ भरलेली होती. सकाळी ती रोपं आडवी पडली होती. दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यातली बहुतेक उठून बसली, तेव्हा आक्काने दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकर आणि ठेचा पाठवला; निरोप असा की गहू उठला, आता तूही ऊठ.

त्या वर्षी थंडी चांगली पडली. पातळ पेरलेल्या गव्हाला असे फुटवे आले की माघाच्या सुरुवातीला वावरातली माती दिसेनाशी झाली. लावलेली रोपं तर आधी रुसली आणि मग शेजाऱ्यांना मागे टाकून गेली. गालिचेवाले आता बांधावर गंभीरपणे उभे राहत आणि वळल्यावरही हसत नसत. ओंबी भरली, तांबेरा आला नाही, आणि होळीच्या सुमाराला गहू खळ्यावर आला. आबा बैलगाडीत बसून खळ्यापर्यंत आले. दाणा दाढेखाली धरला, फोडला, थुंकला, दुसरा धरला. भावजी धुळ्याहून मुद्दाम आले होते, आणि मीही ट्रंक आवरून ठेवली होती, कुणावर जा म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. आबा शेवटी भावजींना म्हणाले,

“हाऊ पोऱ्या आठेच ऱ्हाऊ दे. पन पुढल्या सालले नळी देखजो म्हना.”

मी राहिलो. पुढच्या वर्षी अर्ध्या फडाने आबांच्या खळ्यावरून बी नेलं आणि पातळ पेरलं. बियाला बाजारापेक्षा चढा भाव आला आणि आबांचा दमाही जरा बसला. गव्हाचं रोप मात्र पुन्हा कुणी लावलं नाही, मीही नाही. नळी साफ ठेवणं त्याहून सोपं आहे, याची आक्का मला दर पेरणीला बांधावरून आठवण करून देते.

आक्काच्या वावराचं सांगायचं राहिलं. चार रोज दम धरेल असं ती म्हणाली खरं, पण तिच्या गव्हाला पाणी मिळालं ते पुढच्या पाळीलाच, आणि तोवर फुटव्यांची वेळ निघून गेली होती. तिच्या ओंब्या त्या वर्षी आखूड आल्या. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन गहू होते आणि फरक आंधळ्यालाही दिसला असता. मी एकदा तिच्यापाशी तो विषय काढला. तिने मला खुरपं दिलं आणि तिच्या वावरातलं तण काढायला लावलं. बोलायला तोंड मोकळं राहिलं नाही, एवढं तण होतं.

तेव्हापासून दर पाळीला मी माझ्या वाट्याचं पाणीही तिला घ्यायला सांगतो. ती म्हणते, तिचा गहू माझ्यासारखा लाडावलेला नाही. आता तिचे गुडघे दुखतात, बांधावर बसताना ती हात टेकते, आणि तरी वावर कुणाला वाट्याने देत नाही. घरच्यांची पत्रं येतात, कधी येणार म्हणून विचारतात. मी लिहितो, येईन, पण आक्काचं पाणी फेडल्याशिवाय नाही. ज्या वर्षी तिला खुरपं धरवणार नाही, त्या वर्षी तिचं वावर माझ्या वावराच्या आधी पेरलं जाईल, आधी भिजेल, आणि त्यातल्या एकाही ओळीत खंड असणार नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, आधी स्वतःची नळी बघ. म्हणून इथे लिहून ठेवतो: आक्का, मी फेडीन.