धाकट्या दिराच्या काचपट्ट्या

घरात त्या सगळ्यांच्या वहिनी. इस्पितळात सुईने काढलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघून गाठ साधी की वाईट, हे सांगणाऱ्या डॉक्टर. एका जागी स्वस्थ बसणं त्यांना कधी जमलंच नाही. "वहिनींच्या पायाला भिंगरी आणि डोळ्याला भिंग," असं धाकटा दीर चिडवायचा.

त्याच्याच लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली. वाईट असली तर आत्ताच काढता येईल, असं सर्जन म्हणाले होते. सुई टोचून घेताना त्याने हट्टच धरला, "वहिनीच बघू देत."

काचपट्ट्या पाहिल्या आणि वहिनींना हायसं वाटलं. पेशी मोठ्या, शहाण्या, चांगल्या लिव्हरच्या असाव्यात तशा. 'कॅन्सर नाही' लिहायला त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. उठल्या, पाणी प्यायल्या. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. काहीतरी खुपत होतं.

चांगल्या लिव्हरमध्ये सुई गेली की पित्तनलिकेच्या थोड्या तरी पेशी बहुधा सोबत येतात. इथे औषधालाही नव्हत्या. शिवाय पेशींच्या पुंजक्यांना कडेने चपट्या पेशींची बारीक किनार, शिवून घेतल्यासारखी; चांगल्या लिव्हरमध्ये ती नसते.

शंका आली की काही न सांगता काचपट्ट्या शेजारच्या डॉक्टर मैत्रिणीपुढे ठेवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. आज मात्र ट्रे हातात घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"कुणाच्या गं?"

"आधी बघ."

मैत्रीण बराच वेळ बघत राहिली. "दिसतोय साळसूद, पण कॅन्सरच आहे हा. ही किनार बघ ना. तुला दिसली नाही? तुला?"

"दिसली. दिसायला नको होती."

"अगं बाई! घरचं कुणी?"

"धाकटा दीर," म्हणत वहिनींनी उभ्याउभ्याच रिपोर्ट लिहिला आणि फोन लावला.

"बोला वहिनी! सुटलो ना?"

"नाही रे राजा. कॅन्सर आहे. पण लहान आहे, काढता येईल. उद्या सकाळी सर्जनकडे जायचं. मी येतेय बरोबर."

"तुमचं कधी चुकत नाही वहिनी. आज चुकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"तू हातचा गेला असतास," वहिनी म्हणाल्या. "पाणी पी. आणि बायकोला फोन दे."