'तसल्या'च्या मागे लागलेले आमचे मेहुणे

लग्नाच्या मांडवात एकदा माईक हातात आला की तो काढून घ्यायला दोन धडधाकट माणसं लागतात असा अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघावा हे माझं नशीब. पुढाऱ्यांचं मी समजू शकतो. तेही माईक सोडत नाहीत, पण त्यांना पुढच्या मांडवात जायचं असतं. आमच्या मेहुण्यांना कुठंच जायचं नसतं. लोणी देवकरच्या कंपनीतली पहिली पाळी सुटली की अंगावरच्या निळ्या शर्टानिशी ते गाडीला किक मारतात आणि इंदापूर ते बारामती या पट्ट्यात जिथं मांडव दिसेल तिथं उतरतात. आमंत्रण असलं काय, नसलं काय. जेवत नाहीत, टोपी-टॉवेल घेत नाहीत. अक्षता पडायच्या आधी मोठ्या माणसांची नावं पुकारून वधूवरांना आशीर्वाद द्यायला लावण्याची आमच्याकडं पद्धत आहे. त्या यादीत हे सूत्रसंचालकाच्या कानाशी लागून आपलं नाव घुसवतात. पहिल्या दोन वाक्यांत नवरानवरीला सुखानं नांदा म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला मोबाईलवर येतात.

मोबाईलवर म्हणजे मोबाईलवरच्या घाणीवर. लहान पोरांच्या हातात फोन आहेत, आणि त्या फोनवर नको ते चाळे दाखवणारे व्हिडिओ कुणी न मागता येऊन पडतात. ते बंद झाले पाहिजेत, कंपन्यांनी बंद केले पाहिजेत, सरकारनं करायला लावले पाहिजेत आणि तोवर आपण आपल्या घरात केले पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. म्हणण्यात काही चूक नाही. अडचण अशी की त्या गोष्टीचं नाव काही त्यांच्या तोंडून निघत नाही. समोर आयाबाया बसलेल्या, व्यासपीठावर नवरी. मग ते 'तसलं' म्हणतात. 'तसलं' आपल्या लेकरांपर्यंत पोचतंय, 'तसलं' घरोघर जातंय, रोज सकाळ-संध्याकाळ जातंय आणि आपण गप बसलोय. वडगाव निंबाळकरला एका लग्नात त्यांनी असा सूर लावला आणि पहिल्या रांगेतला दूध संकलन केंद्राचा मालक ताडकन उठला. त्याला वाटलं, हे दुधातल्या भेसळीवर चाललंय आणि रोख त्याच्यावर आहे. "माझ्या दुधात काय हाय ते हितंच सांगा," म्हणून तो व्यासपीठावर चढला. मेहुणे म्हणाले, मी दुधाचं बोलतच न्हाय. मग कशाचं बोलताय? तसल्याचं. तसल्याचं म्हणजे कशाचं? यावर आमचे मेहुणे कानापर्यंत लाल झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माईक आपण होऊन खाली ठेवला. तो दूधवाला अजूनही कुठं दिसला की त्यांना आपल्या दुधाचं फॅट दाखवायला नेतो.

एवढं सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात जे झालं ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. मी डोक्यावर पाटी घेऊन पेरू विकण्यापासून सुरुवात केलेला माणूस. बारामतीच्या मार्केट यार्डात आज माझा डाळिंबाचा गाळा आहे, जळोचीला घर आहे. यातलं काही मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. त्या लग्नात मी एकाही गोष्टीत कमी पडू दिलं नव्हतं. गोरज मुहूर्त होता. मामानं नवरीला खोलीतून आणायचं आणि अंतरपाटामागं तिच्या पाठीशी उभं राहायचं. नवरी खोलीत मामाची वाट बघत बसली आणि मामा बाहेर माईकवर. मी खालून हातवारे करतोय. इंदापूरचे माझे व्याही आधी घड्याळाकडं, मग आकाशाकडं बघायला लागले. गाईगुरं घरी येऊन बांधली गेली, दिवे लागले, मुहूर्त गेला आणि मेहुणे म्हणतायत, आता शेवटचा मुद्दा. मी जाऊन माईकची वायरच उपटली. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद. ते घरी यायचे तेव्हा मी बायकोला म्हणायचो, तुझ्या भावाला चहा विचार. आणि ते तिला म्हणायचे, दाजींना म्हणावं मी घेऊन आलोय. तिघंही एकाच खोलीत.

बोलणं बंद झालं तरी माणूस दिसायचा थांबला नाही. घरात पाऊल टाकलं की पाणी प्यायच्या आधी त्यांचा प्रश्न असतो, पोरांचा फोन कुठाय. फोन हातात आला की अंगठा थेट त्या तीन ठिपक्यांवर, तिथून 'रिपोर्ट'वर. फोनमधलं दुसरं काही त्यांना येत नाही. साधा फोटो काढायचा तर खिडकीचा पडदा येतो. पण रिपोर्ट करायला असे बसतात, जशा बायका गवार मोडायला बसाव्यात. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाच्या शेजारी बसून त्याला रिपोर्ट करायला शिकवतात. या उत्साहात एकदा त्यांनी इंदापूरच्या बाजारातल्या एका बनियनवाल्याची जाहिरात रिपोर्ट केली. तो त्यांच्याच सासुरवाडीचा. दिवाळीला त्यानं यांना बनियनचा डबा पाठवला, आत चिठ्ठी न ठेवता. मेहुणे अजून ते बनियन घालत नाहीत. कुणीतरी त्यांना डिवचलं होतं, तुम्ही तसलं बघत न्हाय तर ते वाईट हे तुमाला कसं कळलं? यावर मेहुणे म्हणाले, "फवारणीचं औषध तू पिऊन बघितलं व्हतं का?" हे मात्र मला आवडलं होतं. बोलणं बंद असल्यामुळं मी तसं सांगितलं नाही.

बायकोचं म्हणणं, तो लहानपणापासून असाच. पोरं नीरा नदीत उड्या मारायची तेव्हा हा काठावर वाकून फुटक्या बाटल्यांच्या काचा वेचत बसायचा. ह्याची उडी मारायची वेळ येईपर्यंत अंधार व्हायचा.

आता माझ्या ग्रुपचं सांगतो. डाळिंब-पेरूच्या भावाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, तो मी काढला. इंदापूरपासून बारामतीपर्यंतचे बागायतदार त्यात आहेत. मालाचे फोटो टाकतात, भाव विचारतात. सुरुवातीला मी एकटा ॲडमिन होतो. मग एकाला केलं, तर दुसरा रुसला. लग्नपत्रिकेत नाव न आल्यावर माणसं रुसतात तसा हा रुसवा. आणि रुसलेला माणूस माल दुसऱ्या गाळ्यावर उतरवतो. म्हणून मी सरळ सगळ्यांनाच ॲडमिन केलं. कुणाचा अपमान नको. मला ही माझी हुशारी वाटत होती.

मेहुण्यांना हे कळलं तेव्हा ते कंपनीतून थेट गाळ्यावर आले आणि अबोला मोडून म्हणाले, दाजी, दोनच ठेवा. ज्यांना जाब विचारता येईल असे दोन. सगळेच मालक असले की वाट्टेल त्याला आत घेत्यात आणि घाण पडली तर काढायला कुणी येत न्हाय. मला राग आला. माझ्या धंद्यात मला शिकवायला हा कोण? मी तरुणपणी जनावरांच्या बाजारातही सौदे केलेत. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी त्यांची जिरवायला गुडघ्यावर टॉवेल पसरला आणि म्हणालो, घाला हात, करा सौदा. त्यांनी हात घातला आणि माझी दोन बोटं धरली. मी दहावर आणायला बघितलं, मग आठ, मग सहा. ते दोनावरून हलेनात. सौदा कसा करतात हेच ज्याला माहीत नाही त्याच्याशी सौदा होत नसतो. मी टॉवेल झटकला आणि म्हणालो, "पाव्हणं, तुमी मांडव धरा. बाजार मी बघतो."

माझी नात दुसरीत आहे, मला आबा म्हणते. मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी ती माझ्या कॉटवर पाय हलवत बसायची आणि ग्रुपवरचं मला वाचून दाखवायची. बातम्या दिल्यासारखी. डाळिंब भगवा, मोठा माल. पेरू, डाग नाही. मध्येच माझी परवानगी न घेता भावही सांगायची. दिवसभर यार्डात मी ज्याच्या-त्याच्यावर ओरडतो; तेवढा अर्धा तास मी कुणावर ओरडत नसे.

एका संध्याकाळी तिनं तीन-चार ओळी वाचल्या आणि थांबली. मग फोन कॉटवर पालथा ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, कंटाळली. मी चष्मा लावून फोन उचलला. कुठल्यातरी ॲडमिननं कुणाला तरी आत घेतलं होतं, आणि त्यानं ते तसलं टाकलं होतं. दुपारपासून ते तिथं पडलं होतं. त्याच्याखाली एकजण विचारत होता, पेरू काय निघाला? दुसऱ्यानं त्याला भाव सांगितला होता. सगळे ॲडमिन. एकानं काढलं नव्हतं, कारण दुसरा काढेल. मी ते खोडलं, तोवर पोरीनं बघून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली तर म्हणाली, गृहपाठ हाय. मी जवळ गेलो की ती आजीच्या पदराआड जायची. मी खाऊ आणला, तो तिनं न उघडता फळीवर ठेवला. तिला काय विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, मला काही सुचेना. शेवटी बायकोनं मला भाकरी वाढता वाढता खाली बघून सांगितलं, पोरीनं विचारलंय, "आजी, त्ये आबांचंच हाय का?"

कुणी बेईमान म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. दुसरीतल्या पोरीची काय धरणार? गाळ्यावर माझं लक्ष लागेना. सौदा चालू असताना मी भलताच आकडा बोललो आणि हमाल एकमेकांकडं बघायला लागले. राहून राहून वाटत होतं, ही आता मोठी होईल, मला विसरेल, आणि एवढंच तिच्या लक्षात राहील.

मग मी आपण होऊन मेहुण्यांना फोन केला आणि पोरीनं काय विचारलं ते सांगितलं. त्या लग्नानंतर पहिल्यांदा. ते पाळी अर्धी टाकून आले. मी मन घट्ट करून बसलो होतो, आता भाषण होणार, आणि ते ऐकून घ्यायचं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाय धुतले आणि मागच्या पायरीवर नातीच्या शेजारी जाऊन बसले. मी दाराआड उभा राहिलो.

"उघडी माणसं दिसली का गं फोनात?" त्यांनी विचारलं. इतकं सरळ. गावोगावच्या मांडवात जो शब्द त्यांच्या घशात अडकायचा तो इथं पाणी मागावं तसा बाहेर आला.

"व्हय, मामाआजोबा."

"भ्या वाटलं?"

तिनं मान हलवली असावी.

"वाटणारच. मलाबी वाटतं. आईला सांगितलं असतंस तरी चाललं असतं, आजीला सांगितलंस तेबी बरं केलंस. तुझी काय चूक न्हाय त्यात. आन त्ये आबांचं न्हाय. गोठ्याचं फाटक उघडं राहिलं की रस्त्यावरचं कुत्रं आत शिरतं का न्हाय? तसं शिरलं."

ती म्हणाली, "मग फाटक कुणी लावायचं?"

मेहुण्यांनी दाराकडं बघितलं. मी आड उभा आहे हे त्यांना आधीपासून माहीत असावं.

"आबा लावत्यात," ते म्हणाले.

माझ्या वतीनं, मला न विचारता, त्यांनी सौदा पक्का करून टाकला. तिथंच चहाच्या आधी मी ग्रुप उघडून बसलो आणि सुनेच्या मदतीनं एकेकाचं नाव ॲडमिनमधून खाली आणलं. मी एक आणि गाळ्यावरचा मुनीम एक. बाकी कुणाला आत घ्यायचं तर आधी मला फोन. चार दिवस माणसं मला फोन करून विचारत होती, आमचं काय चुकलं? वडगावचा एक जुना बागायतदार दुसऱ्या गाळ्यावर गेला. समोरून जाताना माझ्याकडं न बघता जातो. त्याला मी काही समजवायला गेलो नाही. समजवायचं म्हणजे पुन्हा त्या शब्दापाशी यायचं, आणि चारचौघांत माझ्याही तोंडातून 'तसलं' एवढंच निघतं.

नात आता संध्याकाळी कॉटवर येते. पण पायथ्याच्या टोकाला बसते आणि फोन हातात घेत नाही. परवा म्हणाली, "तुमीच वाचा, आबा. मी ऐकते." मी चष्मा पुसून अक्षर अक्षर लावत वाचतो. चुकलो तर ती दुरुस्त करते, ऐकूनच.

मेहुणे काल गाळ्यावर आले होते. निळा शर्ट, डोळे तांबारलेले. पुढं सणसरला लग्न होतं. मुहूर्ताचं मी काही काढलं नाही. तो हिशेब माझ्या मनात अजून तसाच आहे, पण काल काढावासा वाटला नाही. क्रेटवर बसवून त्यांना चहा दिला आणि नातीचं सांगितलं. मग मला जे विचारायचं होतं ते हमालांसमोर तोंडानं विचारवेना, म्हणून मी गुडघ्यावर टॉवेल पसरला. म्हणालो, ती आधीसारखी माझ्याजवळ बसून कधी वाचेल, किती लागतील, सांगा. दिवस म्हणा, महिने म्हणा.

त्यांनी टॉवेलखाली हात घातला आणि माझी पाचही बोटं एकदम मुठीत धरली.

"पाच?" मी विचारलं. "पाच काय, पाव्हणं?"

"आकडा न्हाय, दाजी," ते म्हणाले. "मला कुठं येतंय तुमचं त्ये. नुसता हात धरलाय."

समोर लिलाव पुकारायला सुरुवात झाली होती आणि मला उठायला हवं होतं. मी थोडा वेळ उठलो नाही.