आईच्या हातातली थरथर

आमची बारकी डॉक्टर झाली, मग एक्स-रे-सोनोग्राफीची तज्ज्ञ झाली, आणि तरी पुन्हा शिकायला बसली. मी वैतागलो. "अगं, आता शिकवायचं वय झालं तुझं!" तर म्हणाली, "दादा, पडद्यावर बघत रक्तवाहिनीत तार घालायला शिकायचंय. कापाकापी नाही." दिवसभर शिशाचा जड एप्रन घालून उभी राहायची आणि घरी आली की पाठ धरून बसायची. मी तिला चिलखतातला सरदार म्हणायचो.

यामागे आई होती. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिससाठी डाव्या हातात शीर आणि धमनी जोडलेली होती. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागायची, मांजर गुरगुरावं तशी. ती थांबली की तो हात डायलिसिसला बाद. बारकी रोज संध्याकाळी तिथं हात ठेवून बघायची. अशा बुजत चाललेल्या शिरा आतून फुगा फुगवून उघडणं, हेच ती शिकत होती. "माझी बुजली तर तूच उघडायची, परक्याला हात लावू देणार नाही," असं आईनं तिला बजावलं होतं. तिला शिकवणारे सर कबूल होते, पण आधी बारकीचा हात तयार व्हायला हवा होता.

मग आई संध्याकाळी हात मागे घ्यायला लागली. "आज राहू दे गं, दुखतोय." बारकी दमलेली असायची, राहू द्यायची. डायलिसिसवाल्यांनी थरथर कमी झाल्याचं आईला सांगितलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. "माझी लेक बघतेय," असं म्हणून तिनं त्यांना गप्प केलं होतं. लेकीला परवानगी मिळेपर्यंत तिला कळ काढायची होती.

एका सकाळी थरथर थांबली. सरांनी खूप खटपट केली, शीर उघडली नाही. डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली, त्यातून जंतू रक्तात गेले आणि आई गेली. मला आईचा इतका राग आला की रडूही येईना. बारकी मात्र स्वतःलाच बोल लावत बसली. "जगाच्या शिरा तपासते मी, दादा, आणि घरात..."

पुढं सरांनी तिला एकटीनं काम करू दिलं. पहिल्याच पेशंट डायलिसिसवरच्या एक आजी होत्या. त्यांची शीर छान उघडली. संध्याकाळी बारकी वॉर्डात बघायला गेली, तर आजींनी हात पांघरुणात ओढून घेतला. "आता राहू दे गं पोरी, दुखतोय."

"नाही आजी, द्या इकडे," म्हणत बारकीनं तो हात बाहेर घेतला आणि थरथरीवर तळवा ठेवला. आजी कुरकुरल्या आणि तशाच झोपी गेल्या. नर्स दोनदा येऊन बघून गेली. बारकीनं हात उचलला नाही.