अण्णाच्या ट्रकला बसवलेले दोन पंखे

आमच्या अण्णाच्या ट्रकमध्ये बसून मी कधी हळू आवाजात बोललो नव्हतो. इंजिन केबिनच्या आतच, आम्हा दोघा भावांच्या मधे. त्याच्या पुढ्यात, ते थंड ठेवायला, पट्ट्यावर फिरणारा लोखंडी पंखा. गाडी चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो असा घोंगावायचा, की प्यायला पाणी मागायचं तरी ओरडावं लागे. अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. खानापूर भागातल्या खाणीतून चिरे भरायचे आणि येळ्ळूरला, आसपासच्या गावांत घरांच्या बांधकामावर पोचवायचे, हे त्याचं काम. घरी आला तरी ओरडूनच बोलायचा. वहिनी म्हणायची, "आमच्यात भांडण न्हाय, नुसतं बोलणं चाललंय, एवढं शेजारी सांगून या कुणीतरी."

मागल्या वर्षी डॉक्टरांनी अण्णाचे कान तपासले आणि सांगितलं, ऐकणं कमी होत चाललंय, मोठ्या आवाजापासून लांब राहा. ट्रकवाल्याला हे सांगणं सोपं आहे. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड. मी आयटीआय केलेला, बेळगावच्या एका कारखान्यात वीजदुरुस्तीला आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. भंगारातून मोटारीचे दोन विजेचे पंखे आणले. लोखंडी पंखा उतरवला, रेडिएटरला हे दोन बसवले, वायरी ओढल्या, अण्णाच्या हाताशी एक बटण दिलं. रविवारी भर दुपारी अंगणात गाडी रेस करून मीटर लावला. पंखे फिरत होते, बॅटरी भरत होती. केबिनमध्ये इतकं शांत झालं, की इंजिन बंद पडलं समजून अण्णानं दोनदा पुन्हा चावी फिरवली. मग गल्लीभर सांगत सुटला, "आमच्या धाकट्यानं केलंय." मी वरवर नको नको म्हणत होतो, पण ऐकायला उभा राहत होतो.

पावसाळा लागला, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. रोज दारात थांबणारा ट्रक देवळाजवळच्या उतारावर थांबू लागला. विचारलं तर अण्णा म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत, सकाळी जरा चालत जा." ते डॉक्टर कानाचे होते, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

आमची बहीण जांबोटीला दिलेली. पावसानं तिच्या गोठ्याची भिंत ढासळली, म्हणून अण्णा चिरे घेऊन निघाला आणि मीही रजा टाकून बरोबर गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. पाऊस होताच, पुढं रानात धुकं लागलं. अण्णानं दिवे लावले. चढाला गाडी संथ झाली, तसे दिवे पिवळे पडले आणि वायपर काचेच्या मधोमध रेंगाळू लागला. अण्णानं पंख्यांचं बटण बंद केलं. वायपर चार वेळा नीट फिरला. वळण आलं, तेव्हा वायपर बंद करून हॉर्न दिला. वळण सुटल्यावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा पाहिला आणि पंखे परत चालू केले. लायसन काढतानाच हे शिकवलं असावं इतक्या सहज त्याचा हात चालला होता.

अंगणात मी मीटर लावला तो दिवे न लावता, वायपर न लावता आणि इंजिन पळवून. जुना डायनामो इंजिन पळेल तितकीच वीज देणार. चढाला इंजिन संथ, आणि पंख्यांची गरज नेमकी तिथंच. भाकरी तेवढ्याच, आणि मी पंगतीला दोन खादाड पाहुणे जास्तीचे बसवले होते. समोरची काच पुन्हा धूसर झाली. मला धुक्याची नाही, माझ्या कामाची भीती वाटली.

बहिणीच्या दारात चिरे उतरवताना अण्णानं इंजिन चालूच ठेवलं. मग गाडी पलीकडच्या उतारावर नेऊन लावली आणि तेव्हाच बंद केली. बॅटरी भरतच नव्हती. रोज सकाळी माझा भाऊ गाडी उताराला सोडून चालू करत होता.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"झाले दोन महिने."

"आणि मला सांगायचं नाही?" मला त्याचाच राग आला होता.

"गल्लीभर सांगून बसलोय रं. आता धाकट्याचं काम कच्चं निघालं म्हणून कुणाला सांगू?"

"उद्याच्या उद्या जुना पंखा चढवतो."

"तो नको." अण्णानं केबिनचं दार लावलं. "परवा तुझी वहिनी बसलीती शेजारी. खिडकीतनं बाहेर बघत आपल्याशीच कायतरी गुणगुणत हुती. लगीन होऊन इतकी वर्षं झाली, तिचं गुणगुणणं मला ठाऊकच नव्हतं. तू ते परत बंद करू नकोस."

जेवून आम्ही परत निघालो. गाडी उताराला सुटली आणि चालू झाली. धुकं तसंच होतं. अण्णाचा हात बटणावरून हॉर्नवर, हॉर्नवरून वायपरवर जात होता आणि मी बघत होतो. चूक कबूल करायची मला सवय नाही. कारखान्यात फ्यूज उडाला तरी मी आधी पावसाला बोल लावतो. शेवटी खिडकीकडं तोंड केलं आणि ऐकू नाही गेलं तर बरंच, अशा बेतानं पुटपुटलो, "चुकलं माझं, अण्णा."

"व्हय," रस्त्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाला. "मोठा डायनामो बघ आता."