उतारावरचे काका
गरम ब्रेकचा जळका वास आला की आजही तो उतार आठवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या मोटारींच्या आमच्या क्लबची फेरी सोलापूरला परतत असताना उतारावर माझे ब्रेक गेले. शेजारी माझी लहान मुलगी, खाली रस्ताभर मेंढरं आणि त्यांना हाकणारी बाई. मी हॉर्न दाबून धरला. पुढच्या गाडीत क्लबमधल्या सगळ्यांचे लाडके काका होते. स्वतःच्या गाडीवर साधा ओरखडा खपवून न घेणारे. त्यांनी आरशात पाहिलं, हात बाहेर काढून ‘ये’ म्हणून खुणावलं आणि आपली गाडी माझ्यापुढे धरून वेग कमी केला. मी धाडकन त्यांच्या गाडीवर आदळलो. दोन्ही गाड्या करकरत मेंढरांपासून हातभर अंतरावर थांबल्या. चेपलेल्या डिकीकडं न बघता काका धावत आले. “पोरगी बरी हाय न्हवं?” काल काकांच्या शोकसभेत माझ्याआधी आता मोठी झालेली मुलगीच उठली आणि तिनं हे सगळं सांगितलं.